सर्व्हरची टिप्पणी कोण वाचतो?

केंद्र सरकारच्या फाइलचे दोन भाग असतात, एक पत्रव्यवहाराचा आणि दुसरा टिप्पणीचा. सचिवालयात काम केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. पत्रव्यवहारातून काय ठरले ते कळते. ते कसे ठरले, कोणी कोणते कारण दिले, कोणी शंका काढली आणि ती शंका कोणी बाजूला सारली, हे टिप्पणीतून कळते. नागरिकाच्या हाती पडते ते पत्र. मात्र त्या पत्रावरून तंटा उभा राहिला की न्यायालय, लेखापरीक्षक आणि २००५ च्या कायद्यानंतर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करणारा सामान्य माणूस, हे सर्व जण टिप्पणी मागतात. ई-ऑफिस प्रणालीतही हाच संकेत जपलेला आहे. पिवळी टिप्पणी हा मसुदा असतो, तो बदलता येतो. एकदा ती हिरवी झाली की कायमची झाली.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण असंख्य छोटे निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावरून उचलून सर्व्हरकडे सोपवले. अर्ज स्वीकारायचा की परत करायचा, ओळख पटली की नाही, हप्ता सोडायचा की रोखायचा, हे आता सेकंदाच्या काही अंशात ठरते. अर्जदाराच्या पडद्यावर एक ओळ उमटते आणि विषय संपतो. प्रशासनाच्या दृष्टीने ती ओळ म्हणजे पत्र. मग तिची टिप्पणी कोठे आहे? ती कोण लिहितो, किती तपशिलाने लिहितो, कोणाला ती वाचता येते आणि ती केव्हा नष्ट होते?

या टिप्पणीचे संगणकीय नाव लॉग. आपल्याकडे हा विषय सर्रास तांत्रिक समजला जातो आणि "संगणकवाले पाहून घेतील" असे म्हणून सोडून दिला जातो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे यंत्रांशी माझा संबंध उशिरा आला. पण जो थोडाफार आला, त्यावरून माझे मत असे झाले आहे की लॉगची मांडणी हा मुळात प्रशासकीय निर्णय आहे आणि तो अधिकाऱ्यानेच घ्यायला हवा.

लॉग हा शब्द जहाजावरचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत आणि किती दोरी सुटली ते वहीत लिहून ठेवत. त्या लाकडावरून वहीला लॉगबुक हे नाव पडले. संगणकाच्या जगात ही वही पहिल्यापासून आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या यंत्रात एक पतंग सापडला, तेव्हा तंत्रज्ञांनी तो लॉगबुकाच्या पानावर चिकटवून त्याची नोंद केली. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच. पण ते पान अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहे. दोष सापडला, तो केव्हा सापडला आणि कोठे सापडला, या तीन गोष्टी एका पानावर आहेत. चांगल्या लॉगकडून आजही याहून वेगळी अपेक्षा नाही.

महसूल खात्याशी परिचय असलेल्या वाचकांना एक उपमा देतो. सातबारा उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कोणत्या खरेदीने, वारसाने किंवा आदेशाने आली हे गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही सांगते. संगणक प्रणालीतील माहितीसाठा हा सातबारा आणि लॉग हा फेरफार. फेरफार न पाहता केवळ सातबाऱ्यावर विसंबून व्यवहार करणाऱ्याचे काय होते, हे ग्रामीण महाराष्ट्रात सांगावे लागत नाही.

आता लॉगची मांडणी कशी असते ते थोडक्यात पाहू. सर्व्हरवरील प्रत्येक आज्ञावलीला आपण चार गोष्टी सांगू शकतो : किती लिहायचे, कोठे लिहायचे, कोणत्या स्वरूपात लिहायचे आणि किती दिवस ठेवायचे. यांपैकी पहिली सर्वांत महत्त्वाची. 'सिसलॉग' ही पद्धत १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल आज्ञावलीबरोबर तयार केली. तिच्यात गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे आणीबाणी, प्रणाली निकामी झाली. मग तातडीचा इशारा, गंभीर स्थिती, चूक, सावधगिरी, लक्षणीय घटना, सामान्य माहिती आणि शेवटी सातव्या क्रमांकावर डीबग. जी पायरी निवडली तिथपर्यंतचे सर्व लिहिले जाते, तिच्याखालचे गाळले जाते. अपाची या वेबसर्व्हरने २०१२ साली आलेल्या २.४ आवृत्तीत डीबगच्याही खाली ट्रेस-१ ते ट्रेस-८ अशा आणखी आठ पायऱ्या दिल्या. जावामधील लॉग-फोर-जे या प्रचलित साधनातही डीबगच्या खाली ट्रेस असतोच. ट्रेस म्हणजे माग. यंत्राने टाकलेले प्रत्येक पाऊल त्यात उमटते.

रोजच्या कामात कोणीही डीबग किंवा ट्रेस चालू ठेवत नाही आणि ते योग्यच आहे. प्रत्येक पाऊल लिहायचे म्हटले तर चालण्याचा वेग मंदावतो आणि वह्यांनी कपाट भरते. म्हणून सामान्यतः 'माहिती' किंवा 'सावधगिरी' या पायरीवर प्रणाली ठेवली जाते. येथवर सर्व ठीक. अडचण उद्भवते ती हे विसरले गेले की. वरच्या पायरीवरचा लॉग निष्कर्ष सांगतो, कारण सांगत नाही, आणि आपण मात्र निष्कर्षालाच कारण समजू लागतो.

याचे एक उदाहरण माझ्या अनुभवातले आहे. २०१८ साली मी एका केंद्रीय कार्यालयात होतो. मृत कामगारांच्या विधवांना दरमहा छोटीशी मदत देण्याचे काम आमच्याकडे होते. वर्षातून एकदा लाभार्थीने आपल्या मोबाइलवर आलेला सहा अंकी ओटीपी भरून आपली पडताळणी करायची, असा नियम नव्याने लागू झाला होता. पडताळणी झाली नाही तर पुढच्या महिन्यापासून मदत थांबे.

पहिल्या दोन महिन्यांतच तक्रारी येऊ लागल्या. त्या बहुतांशी झारखंड आणि ओडिशाच्या डोंगराळ जिल्ह्यांतून होत्या. तक्रार एकच : अंक बरोबर भरले तरी 'मुदत संपली' असे येते. ओटीपीची मुदत पाच मिनिटांची होती. प्रणाली चालवणाऱ्या कंत्राटदाराने लॉग तपासून अहवाल दिला. त्यात प्रत्येक असफल प्रयत्नापुढे 'मुदत संपली' अशी स्वच्छ नोंद होती. अहवालाचा निष्कर्ष असा की लाभार्थी वयस्कर आहेत, त्यांना मोबाइलची सवय नाही, त्यामुळे अंक भरायला त्यांना वेळ लागतो. त्यावर आधारून आमच्या कक्षाने उत्तराचा एक ठरावीक नमुना केला : 'कृपया ओटीपी विहित मुदतीत भरावा.' हे उत्तर पाठवले की तक्रार निकाली.

अशाच एका निकाली तक्रारीवर उलट पत्र आले. सुंदरगड जिल्ह्यातील एका बाईंच्या वतीने गावच्या शिक्षकाने ते हिंदीत लिहिले होते. त्यांनी लिहिले होते की आपण स्वतः शेजारी बसून घड्याळ लावले, एका मिनिटाच्या आत अंक भरले, तरी तेच उत्तर आले. शेवटी त्यांनी विचारले होते, याहून लवकर कसे भरायचे ते कार्यालयाने कळवावे.

प्रश्न सरळ होता आणि आमच्या ठरावीक नमुन्यात त्याचे उत्तर नव्हते. मी कंत्राटदाराच्या व्यवस्थापकाला बोलावून विचारले की मुदत संपली हे यंत्राने कशावरून ठरवले.

ते म्हणाले, "सर, लॉगमध्ये स्पष्ट आहे. मुदत संपली असे लिहिले आहे."

"ते यंत्राचे मत झाले. ओटीपी किती वाजता तयार झाला आणि किती वाजता तपासला, हे कोठे लिहिले आहे?"

"तेवढे तपशील या पायरीवर येत नाहीत, सर. त्यासाठी डीबग चालू करावे लागेल. सर्व्हर मंद होईल आणि ते आमच्या करारात नाही."

त्यांच्याबरोबर एक तरुण अभियंता आला होता, मूळचा मदुराईचा. तो हळूच म्हणाला, "सर, संपूर्ण प्रणालीचे डीबग चालू करायची गरज नाही. फक्त ओटीपीच्या भागापुरते करता येईल."

त्याचे म्हणणे बरोबर होते आणि हा मुद्दा प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत असावा. लॉग-फोर-जेमध्ये आज्ञावलीच्या प्रत्येक भागाला वेगळी पायरी देता येते. अपाचीतही २.४ पासून प्रत्येक घटकासाठी वेगळी पायरी ठरवता येते. एन्जिनएक्स या सर्व्हरमध्ये तर डीबगची सोय ठेवून तो बांधलेला असेल, तर ठरावीक पत्त्यांवरून येणाऱ्या मागण्यांपुरतेच डीबग चालू करण्याची तरतूद आहे. सर्व पोत्यांचे धान्य पाखडण्याऐवजी एका पोत्यात बोंब घालून पाहावे, तसा हा प्रकार.

त्याच दिवशी फाइलवर मी अर्ध्या पानाची टिप्पणी लिहिली. तिच्यात पाच गोष्टी होत्या.

१. डीबग केवळ ओटीपीच्या भागापुरते आणि दोन्ही सर्व्हरांवर चालू करावे.

२. ते पुढील कामाच्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळेतच चालू राहावे. बारा वाजता पूर्ववत करून तसे लेखी कळवावे.

३. ओटीपीचे अंक आणि मोबाइल क्रमांक लॉगमध्ये उमटू नयेत. क्रमांकाचे शेवटचे तीन अंक पुरेत.

४. लॉग वेगळ्या फाइलमध्ये लिहावा. तो पाहण्याचा अधिकार दोन नामनिर्देशित व्यक्तींनाच असावा.

५. तपास संपताच ती फाइल नष्ट करावी आणि त्याची नोंद ठेवावी.

या टिप्पणीत तांत्रिक असे काहीच नाही, हे वाचकांच्या लक्षात येईल. कोणते काम, कोणाच्या अधिकाराने, किती काळ, किती मर्यादेत. कोणत्याही आदेशात आपण याच गोष्टी लिहितो. तिसरा मुद्दा अमलात आणायला मात्र अभियंत्याला त्या रात्री आज्ञावलीत थोडी दुरुस्ती करावी लागली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही त्याच्या पडद्यासमोर बसलो. लॉगची फाइल लिनक्सवर जशी लिहिली जाते तशी पाहण्यासाठी 'टेल' नावाची छोटी आज्ञा आहे. तिला 'एफ' ही खूण जोडली की नवी ओळ येताच पडद्यावर सरकते. पहिली दहा मिनिटे माझ्या डोळ्यांना नुसत्या धावत्या ओळी दिसत होत्या. मग त्याने 'ग्रेप' ही आज्ञा जोडली. ही आज्ञा हव्या त्या शब्दाच्या ओळी तेवढ्या वेचून दाखवते. प्रत्येक मागणीला प्रणाली एक क्रमांक देत होती. त्या क्रमांकाने वेचले की एका अर्जदाराचा सारा प्रवास पाच-सहा ओळींत समोर येई. लॉग वाचण्याचे अर्धे कौशल्य म्हणजे हा धागा हाती धरणे. मागणी क्रमांक नसेल तर शंभर माणसांची बोलणी एकाच कागदावर लिहिल्यासारखी दिसतात आणि कोण कोणाशी बोलले ते कळत नाही.

सव्वादहाच्या सुमारास पहिला असफल प्रयत्न आला. ओटीपी तयार झाल्याची वेळ १० वाजून १४ मिनिटे ७ सेकंद, सर्व्हर क्रमांक एक. तपासल्याची वेळ १० वाजून २० मिनिटे ५८ सेकंद, सर्व्हर क्रमांक दोन. अंतर जवळजवळ सात मिनिटांचे, म्हणून मुदत संपली. वरवर पाहता कंत्राटदाराचेच म्हणणे खरे ठरत होते.

अभियंत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, अजून सव्वादहाच होत आहेत. ही दहा वीसची नोंद आली कोठून?"

दुसऱ्या सर्व्हरचे घड्याळ सहा मिनिटे दहा सेकंद पुढे होते. त्या लाभार्थीने प्रत्यक्षात एक्केचाळीस सेकंदांत अंक भरले होते.

पुढचा उलगडा तासाभरात झाला. दोन सर्व्हरांच्या पुढे मागण्या वाटून देणारे एक यंत्र होते. ते मागणी ज्या पत्त्यावरून येते त्यानुसार वाटणी करी. शहरातील कार्यालयात किंवा घरच्या ब्रॉडबँडवर पत्ता बदलत नाही, म्हणून ओटीपी मागणे आणि भरणे दोन्ही एकाच सर्व्हरकडे जाई आणि घड्याळ चुकीचे असले तरी चुकीची वजाबाकी होत नसे. मोबाइलच्या जाळ्यावर, विशेषतः संपर्क तुटून पुन्हा जुळतो तेथे, पत्ता मध्येच बदलू शकतो. मग ओटीपी पहिल्या सर्व्हरवर तयार होई आणि दुसऱ्यावर तपासला जाई. आमच्या दिल्लीच्या कार्यालयात कितीही वेळा चाचणी घेतली तरी दोष दिसत नव्हता, तो यामुळे. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर टाकून अभियंत्याने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा तिसऱ्या प्रयत्नात त्यालाही 'मुदत संपली' असे उत्तर मिळाले.

सर्व्हरांची घड्याळे जुळवण्यासाठी एनटीपी नावाची व्यवस्था असते. दुसरा सर्व्हर नंतर बसवला गेला होता आणि सुरक्षेच्या भिंतीत त्याच्यासाठी एनटीपीचा मार्ग उघडायचा राहिला होता. दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. बारा वाजता डीबग बंद झाले.

मात्र काम तेथे संपले नाही. ज्यांची मदत थांबली होती त्यांची थकबाकी द्यायची होती आणि त्यांना कळवायचे होते. कक्ष अधिकाऱ्यांनी पत्राचा मसुदा आणला, त्यात 'तांत्रिक कारणास्तव' असे शब्द होते. नोकरीत हे दोन शब्द मी इतक्या वेळा वाचले आहेत की ते डोळ्यांना खुपत नाहीत. पण या लोकांना आपण दोन महिने लेखी कळवत होतो की तुम्ही वेळेत अंक भरत नाही. दोष त्यांचा नव्हता एवढे तरी तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे होते. थोड्या चर्चेनंतर पत्रात असे गेले की कार्यालयाच्या एका सर्व्हरचे घड्याळ पुढे असल्यामुळे आपली पडताळणी चुकीने नाकारली गेली, आपण अंक वेळेतच भरले होते. "उद्या कोणी हे पत्र घेऊन न्यायालयात गेले तर?" अशी शंका एका सहकाऱ्यांनी फाइलवर नोंदवली. खरे तेच लिहिले आहे, असे उत्तर त्याखाली नोंदवले गेले. दोन्ही नोंदी फाइलवर आहेत. टिप्पणी असते ती यासाठीच.

संगणक सांगतो म्हणून माणूस खोटा, या समजुतीचे टोक ब्रिटनमध्ये पाहायला मिळाले. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सू कंपनीची होरायझन ही हिशेबप्रणाली वापरात आणली. हिशेबात तूट दिसते म्हणून २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक उपपोस्टमास्तरांवर खटले झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे गेली. तूट पैशाची नसून प्रणालीतील दोषांमुळे दिसत असू शकते, हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये निकालात नोंदवले. त्या खटल्यात निर्णायक ठरलेल्या पुराव्यांपैकी एक होता फुजित्सूकडील ज्ञात दोषांची अंतर्गत नोंद, आणि ती मिळवण्यासाठीच फिर्यादींना झगडावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकोणचाळीस जणांची शिक्षा रद्द केली. मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. यंत्राचा माग कोठेतरी लिहिलेला होता. ज्याच्यावर आरोप होता त्याला तो वाचायला मिळत नव्हता.

मग सर्व काही, सदासर्वकाळ, तपशिलाने लिहून ठेवावे का? तसेही नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या तेहेतीस कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. साठवण्यापूर्वी पासवर्ड सांकेतिक रूपात बदलला जात होता, पण त्याआधीच तो जसाच्या तसा एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात असल्याचे आढळले होते. तिजोरी भक्कम होती, पण चावीचा ठसा हजेरीपटावर उमटत होता. डिसेंबर २०२१ मध्ये याहून मोठा धक्का बसला. लॉग-फोर-जे हे साधन बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये लिहिताना त्यातील विशिष्ट रचनेच्या शब्दांना आज्ञा समजून पाळत असे. हल्लेखोराने नावाच्या रकान्यात तसा मजकूर भरला आणि सर्व्हरने तो केवळ नोंदवला, तरी सर्व्हर ताब्यात जाऊ शकत होता. जगभरचे अभियंते त्या डिसेंबरात रात्री जागत होते. नोंद करणारा कारकूनच नोंदीतला हुकूम पाळू लागला, तर वही सुरक्षित राहील कशी?

लॉग किती काळ ठेवायचा हा प्रश्नही वाटतो तितका किरकोळ नाही. तो आपल्याकडे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आहे. आधारच्या २०१६ च्या विनियमांत प्रमाणीकरणाच्या नोंदी पाच वर्षे जतन करण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती रद्द ठरवली आणि या नोंदी सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवता येणार नाहीत असे सांगितले. कारण माणूस कोठे, केव्हा, किती वेळा गेला याचा माग जुळवत गेले की त्याचे आयुष्यच वाचता येते. दुसऱ्या बाजूने, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने संगणक प्रणालींचे लॉग भारताच्या अधिकारक्षेत्रात १८० दिवस ठेवणे बंधनकारक केले. त्याच निर्देशांत सर्व घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्याचा आदेश आहे. हल्ल्यांच्या तपासासाठी तो दिला गेला. पण माझ्या मनात तो वाचताना सुंदरगडचे ते पत्रच आले. घड्याळे जुळलेली नसतील तर दोन सर्व्हरांचे लॉग म्हणजे एकमेकांना न भेटणारे दोन साक्षीदार.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा माहितीच्या विषमतेचा प्रश्न आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला दोष माहीत आणि घेणाऱ्याला माहीत नाही, अशा स्थितीत बाजारच बिघडतो. याच विषयावरील कार्यासाठी २००१ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल मिळाले. सरकारी संगणक प्रणालीत लॉग कंत्राटदाराकडे असतो, उत्तरदायित्व कार्यालयाकडे असते आणि परिणाम नागरिक भोगतो. लॉग वाचणारा स्वतःच्या कामाचा परीक्षक झाला तर तो लबाड असण्याची गरज नाही. जे कारण त्याला सोयीचे आहे तेथे त्याचा शोध आपोआप थांबतो, एवढे पुरे आहे. 'मुदत संपली' या नोंदीपाशी तो थांबला, तसा.

यावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. नव्याने प्रणाली घेणाऱ्या किंवा जुनीचा करार वाढवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला त्या सहज अमलात आणता येतील.

पहिली, निविदेतच लिहावे की लॉग कार्यालयाच्या मालकीचा आहे, तो वाचण्याचा थेट अधिकार कार्यालयाला राहील आणि ठरावीक भागापुरते डीबग चालू करणे हे कराराच्या कामात मोडेल.

दुसरी, नागरिकाचा हक्क नाकारणारी प्रत्येक नोंद, कोणत्याही पायरीवर, कारणासह लिहिली जावी. कोणती दोन मूल्ये ताडून पाहिली आणि कोणत्या नियमाने नाकारले, हे त्यात यावे. बाकी तपशील डीबगमध्ये राहू द्यावेत, पण नकाराची कारणमीमांसा नव्हे. सकारण आदेश ही अपेक्षा आपण तहसीलदाराकडून करतो, ती यंत्राकडूनही करावी.

तिसरी, डीबग चालू करण्याचा आदेश लेखी असावा आणि त्यात वेळ, व्याप्ती, वाचणारे आणि नष्ट करण्याची तारीख असावी. व्यक्तिगत माहिती झाकूनच लिहिली जावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा केवळ सौजन्याचा भाग उरलेला नाही.

चौथी, तक्रार निकाली काढणाऱ्याने महिन्यातून निदान पाच तक्रारींचा लॉग अभियंत्याच्या शेजारी बसून वाचावा. मोजक्याच पण यदृच्छेने निवडलेल्या. नमुना पाहणीचे हे साधे तत्त्व आहे. दोष असेल तर तो फार काळ लपत नाही.

या सर्वांसाठी अधिकाऱ्याने आज्ञावली लिहायला शिकण्याची आवश्यकता नाही. फाइलवरची टिप्पणी वाचताना आपण जो प्रश्न विचारतो, तोच येथे विचारायचा आहे : हे कशावरून? अनुभवी अधिकारी कनिष्ठाच्या 'अपात्र' या एका शब्दावर सही करत नाही, तो मागची पाने उलटतो. सर्व्हरचीही मागची पाने असतात. ती लिहिली जातील अशी व्यवस्था करणे, ती नको त्याच्या हाती पडू न देणे आणि कोणाचा हक्क नाकारला जात असेल तेव्हा ती स्वतः उलटून पाहणे, हा आता आपल्या नेहमीच्या कामाचाच भाग आहे.